कॅसेट ओळखा, मग यंत्र घ्या

छत्रपती संभाजीनगरहून पैठण रस्त्याने बिडकीनकडे येताना वाटेत चितेगाव लागतं. व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना तिथलाच होता. नव्वदच्या दशकात बिडकीन, ढोरकीन, पैठण या पट्ट्यातल्या घरांमध्ये जे रंगीत टीव्ही आले, त्यांतल्या कित्येकांचा जन्म शेजारच्याच गावातला. उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्याच टीव्हीच्या पाठीमागे एक प्लास्टिकची पेटी जोडली जायची, वरून कॅसेट खोचली जायची, आणि वीज जाईपर्यंत मारियो, कॉन्ट्रा किंवा टँकचा खेळ चालायचा. त्या कॅसेट अजून अनेक घरांच्या माळ्यावर आहेत. त्या खेळणारी मुलं आज वाळूजला, ऑरिकमध्ये किंवा पुण्यात नोकरीला आहेत, हातात चार पैसे आहेत, आणि मोबाइलवर त्यांना एक जाहिरात सारखी दिसते: जुन्या कॅसेट चालवणारं, खिशात मावणारं नवं यंत्र. ते घ्यावं का, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं असं की यंत्रांची तुलना करण्याआधी माळ्यावरची कॅसेट खाली काढून नीट पाहावी. आपल्या भागातल्या बहुतेक घरांत जी कॅसेट निघेल, ती या नावाजलेल्या यंत्रांत बसतच नाही. आणि ज्यांच्याकडे बसणारी कॅसेट आहे, त्यांनी पहिला खर्च यंत्रावर न करता कॅसेटवर करावा.

कॅसेट ओळखायची सोपी खूण म्हणजे तिच्या तोंडाशी दिसणारे सोनेरी दात. कॅसेट उलटी धरा आणि मोजा. दोन्ही बाजूंना तीस-तीस, म्हणजे एकूण ६० दात असतील तर ती निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या मापाची. हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आलं. भारतात निन्टेंडोने ते कधी विकलं नाही, पण त्याच्या नकला तैवान आणि चीनमधून आल्या आणि समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी खपल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानापर्यंत जी ‘व्हिडिओ गेम’ मिळत होती, ती हीच. दोन्ही बाजूंना छत्तीस-छत्तीस दात असतील, तर ती अमेरिका-युरोपात विकलेल्या एनईएसची ७२ दातांची कॅसेट. खेळ तेच, माप वेगळं. बत्तीस-बत्तीस असतील तर सेगा मेगा ड्राइव्हची. १९९५ मध्ये शॉ वॉलेसशी करार करून सेगाने आपली यंत्रं भारतात अधिकृतपणे आणली होती, पण किमतीमुळे ती थोड्याच घरांत गेली. गावाकडे तर क्वचितच. आणि एकाच बाजूला ३२ दात असलेली, काडेपेटीहून थोडी मोठी किंवा तेवढीच कॅसेट असेल, तर ती गेम बॉय घराण्यातली: १९८९ चा गेम बॉय, १९९८ चा गेम बॉय कलर, २००१ चा गेम बॉय अॅडव्हान्स. आपल्याकडे ही बहुधा परदेशातल्या काका-मामांच्या बॅगेतून आली.

आता यंत्रांकडे वळू. ज्याची सर्वांत जास्त चर्चा होते ते अॅनालॉग कंपनीचं ‘पॉकेट’. डिसेंबर २०२१ मध्ये ते लोकांच्या हाती पडलं, तेव्हा किंमत सुमारे २२० डॉलर होती. पाठीमागच्या खाचेत गेम बॉय, कलर आणि अॅडव्हान्स या तिन्हींच्या कॅसेट थेट बसतात. वेगळा अडॅप्टर घेतला तर सेगा गेम गिअर, निओ जिओ पॉकेट आणि अटारी लिंक्सच्याही. दुसरं मॉडरेट्रो कंपनीचं ‘क्रोमॅटिक’, २०२४ चं, १९९ डॉलरचं. ते फक्त गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या कॅसेट घेतं, तीन पेन्सिल सेलवर चालतं, आणि त्याचा पडदा मूळ गेम बॉयइतक्याच, म्हणजे १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा आहे. दोन्ही सुबक आहेत, दोन्हींची स्तुती रास्त आहे. पण या दोहोंपैकी एकातही ६० दातांची कॅसेट खोचायला जागा नाही. लॅमिंग्टन रोडच्या मालावर वाढलेल्या माणसाने नुसती जाहिरात पाहून पंधरा-वीस हजार रुपये आणि वर कस्टम ड्युटी भरली, तर घरी आलेल्या यंत्राशेजारी त्याची मारियोची कॅसेट नुसती ठेवायची वेळ येईल.

यावर कोणी म्हणेल, अडॅप्टर लावू, किंवा ६० दातांची कॅसेट घेणारं हातातलं यंत्र शोधू. तसं यंत्र निघालंच नाही असं नाही. माय आर्केड कंपनीच्या सात इंची ‘रेट्रो चॅम्प’मध्ये फॅमिकॉम आणि एनईएस अशा दोन्ही कॅसेट बसतात. साठाचे बहात्तर करणारा अडॅप्टरही मिळतो. पण दात जुळले म्हणजे खेळ चालेलच असं नाही, आणि इथे आपल्या कॅसेटांचं वंशवृत्त आडवं येतं. ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट उघडून पाहिलीत, तर आत हिरव्या पट्टीवर काळ्या डांबराच्या थेंबासारखा एक ठिपका दिसेल. त्याखाली उघडी चिप चिकटवलेली असते. स्वस्तात स्वस्त नकलेची ही पद्धत. खेळही ९९९९ नसतात. काही मोजके खेळ, आणि त्यांचेच निरनिराळ्या पातळीवरून सुरू होणारे अवतार यादीत पुन्हा पुन्हा येतात. हा सगळा पसारा एका कॅसेटमध्ये कोंबण्यासाठी त्या कारागिरांनी स्मृतीचे कप्पे बदलणारं आपापलं सर्किट बसवलं, ज्याचा निन्टेंडोच्या अधिकृत सर्किटांशी संबंध नव्हता. मूळ यंत्राची साधी विद्युत नक्कल असलेल्या पेटीत ते चालून जायचं. नव्या यंत्रात मात्र कॅसेट आधी वाचून, ओळखून मग चालवली जात असेल, तर यादीच्या पडद्यावरच सगळं अडकून बसतं. म्हणून अशी कॅसेट हेच खरेदीचं कारण असेल, तर विकणाऱ्याकडून चालू कॅसेटचा व्हिडिओ मागा, आणि परत घेण्याची अट लेखी घ्या. दोन्ही मिळत नसेल तर पैसे पाठवू नका.

या महाग यंत्रांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा अचूकतेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पॉकेट आणि क्रोमॅटिक या दोन्हींत एफपीजीए नावाची चिप असते. तिच्या आतलं जाळं हवं तसं जोडून घेता येतं, त्यामुळे जुन्या यंत्राचं वागणं एखादा प्रोग्रॅम वठवत नाही. ती चिपच त्या जुन्या सर्किटासारखी बांधली जाते. बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंतचा उशीर जवळजवळ नाहीसा होतो, आवाज मुळाशी जुळतो. पॉकेटचा पडदा १६०० गुणिले १४४० ठिपक्यांचा आहे, म्हणजे गेम बॉयच्या बरोबर दहापट. मूळच्या एका ठिपक्याचा दहा गुणिले दहाचा स्वच्छ चौकोन होतो, कुठे धूसरपणा नाही. गेम बॉयच्या बाबतीत हा युक्तिवाद मला पूर्ण पटतो.

फॅमिकॉमच्या बाबतीत मात्र विचारावं लागतं, अचूक म्हणजे कशाशी अचूक? जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवायचा, आणि खेळांचा वेग त्या साठाच्या तालावर बेतलेला होता. भारताचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नासचा. पाल टीव्हीसाठी बनलेल्या नकली पेट्यांवर मारियो त्या प्रमाणात सावकाश धावायचा, पार्श्वसंगीतही रेंगाळायचं. साठाऐवजी पन्नास म्हणजे वेग सहाव्या हिश्शाने कमी. शिवाय त्या पेट्यांतल्या स्वस्त चिपांमध्ये आवाजाच्या लहरींचे दोन प्रकार अदलाबदल झालेले असत, त्यामुळे सुरांचा पोतही जपानी मुळाहून वेगळा. जपानी यंत्राशी शंभर टक्के प्रामाणिक असलेलं उपकरण आज हातात घेतलं, तर चितेगावच्या टीव्हीवर कॉन्ट्रा पाठ केलेल्या माणसाचा अंगठा पहिल्या पाच मिनिटांत चुकतो, कारण गोळी त्याच्या आठवणीपेक्षा लवकर येते. हा दोष यंत्राचा नाही. पण ज्याला आपलं लहानपण जसंच्या तसं हवं आहे त्याने ध्यानात घ्यावं की ते लहानपण पन्नासच्या तालावरचं होतं, आणि तो ताल स्वस्त यंत्रातल्या मोफत एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राचं वागणं वठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सहज मिळतो. नेस्टोपिया किंवा एफसीईयूएमएम या एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची जागा असते. तिथे ‘डेंडी’ हा पर्याय घ्या. डेंडी ही रशियात गाजलेली अशीच नक्कल. तिचा वेग आपल्या पाल पेट्यांच्या जातीचा.

बंदुकीचा खेळ मात्र यांपैकी कुठल्याच यंत्रावर परत येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ‘डक हंट’मध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन टिपायचा. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या अचूक वेळेवर अवलंबून होतं. एलसीडीवर चित्र थोडं उशिरा आणि वेगळ्या रीतीने उमटतं, त्यामुळे ती बंदूक आंधळी होते. तो खेळ हवा असेल तर जुना टीव्ही भंगारात घालू नका.

तेव्हा ६० दातांवाल्यांना माझा सल्ला खाच नसलेल्या यंत्राचा. अॅनबर्निकचं आरजी३५एक्सएक्स किंवा मियू मिनी प्लस या वर्गातली यंत्रं परदेशी बाजारात साठ-सत्तर डॉलरच्या आसपास मिळतात. त्यांचा साडेतीन इंची पडदा ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा असतो, आणि इथे एक सुखद योगायोग आहे: फॅमिकॉमचं चित्र २५६ गुणिले २४० चं, म्हणजे दुप्पट केलं की ५१२ गुणिले ४८०, उंचीला काठोकाठ. ‘पूर्णांक पटीत दाखवा’ हा पर्याय सुरू ठेवला की चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. दुपटीहून मोठ्या आकड्यांचा, जास्त महाग पडदा या खेळांसाठी घेण्यात अर्थ नाही.

यावरचा आक्षेप कायद्याचा आहे, आणि तो खरा आहे. ही यंत्रं विकणारे पुष्कळदा हजारो खेळ भरलेलं मेमरी कार्ड सोबत देतात. त्या प्रती परवानगीशिवाय केलेल्या असतात. खेळ जुना झाला म्हणून मोकळा होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती धरलं आहे, आणि त्याच्या संरक्षणाची मुदत कित्येक दशकांची आहे. १९८५ चा मारियो अजून तिच्या आतच आहे. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात एक सवलत आहे: प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्या ताब्यात आहे त्याला, ती नष्ट वा खराब होण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून, राखीव प्रत करता येते. अस्सल गेम बॉय कॅसेट असणाऱ्याला तिचा आधार आहे. ‘९९९९ इन १’वाल्याला तो मिळणं कठीण, कारण त्याची कॅसेटच मुळात विनापरवाना प्रत होती. हे कडू असलं तरी लपवण्यात हशील नाही. सरळ मार्गाने जायचं असेल तर आजचे हौशी लेखक जुन्या यंत्रांसाठी नवे खेळ लिहितात, तिकडे वळा. गेम बॉयचा ‘टोबू टोबू गर्ल’ मोफत आणि खुला आहे. फॅमिकॉमसाठीचा २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ थोड्या पैशांत विकत मिळतो, आणि चार जणांनी एकत्र खेळायला तो कॉन्ट्राहून गमतीचा आहे. ‘जीबी स्टुडिओ’ नावाचं मोफत साधन घेऊन शाळकरी पोरंही स्वतःचा खेळ बनवू शकतात. फक्त आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत जोडाक्षर बसवताना त्यांचा कस लागेल.

गेम बॉयच्या कॅसेट ज्यांच्या घरी आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना खाच असलेलं यंत्र घ्यायला सबळ कारण आहे: कॅसेटमध्ये त्यांचा स्वतःचा जतन केलेला खेळ आहे. पण तो मरायला टेकलेला असू शकतो. त्या काळच्या अनेक कॅसेटांत खेळ जिथे थांबवला ती नोंद एका छोट्या बटणसेलच्या जोरावर टिकते. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तोच सेल घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर संपतो. सेल संपला की नोंद गेली. मुख्य खेळ वेगळ्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, तो शाबूत राहतो. म्हणून क्रम असा ठेवा. आधी नोंदीची प्रत काढा. एपिलॉग कंपनीचं ‘जीबी ऑपरेटर’ हे छोटं उपकरण कॅसेट यूएसबीने संगणकाला जोडून हे काम करतं. मग सेल बदला, कारण सेल काढताच नोंद पुसली जाते. नंतर काढून ठेवलेली नोंद परत चढवा. सेल बदलण्याचं काम बिडकीनचा किंवा संभाजीनगरच्या पैठण गेटचा कुठलाही कसलेला मोबाइल दुरुस्तीवाला करील, मात्र त्याला दोन गोष्टी सांगा: गेम बॉय आणि कलरच्या कॅसेटचा स्क्रू ३.८ मिलिमीटरच्या खास पान्याने उघडणारा आहे, आणि नवा सेल पत्र्याचे पाय आधीच जोडलेलाच हवा. साध्या सेलवर थेट सोल्डरिंगची कावी टेकवली तर तो फुगतो, फुटूही शकतो. सेलचा क्रमांक कॅसेटप्रमाणे बदलतो; काहींत सीआर१६१६, काहींत सीआर२०२५. उघडून वाचल्याशिवाय मागवू नका.

कॅसेट चालत नसेल तर ती मेली असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा दातांवर मळ आणि गंज चढलेला असतो. तोंडाने फुंकायची आपली पिढीजात सवय सोडा. फुंकर मारून चालायची ती कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. थुंकीच्या ओलीने मात्र गंजाला खतपाणी मिळायचं. मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, दात हलके पुसा, काडी काळी निघायची थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा पुसा, आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर लावू नका. सोन्याचा मुलामा निघून गेला की परत येत नाही. नव्याने जुनी कॅसेट विकत घेत असाल तर नकलांपासून सावध राहा. गेम बॉय अॅडव्हान्सच्या अस्सल कॅसेटच्या तोंडातून पाहिलं तर दातांच्या लगेच वर पट्टीवर ‘निन्टेंडो’ छापलेलं दिसतं. नकलांची फसवणूक पहिल्या दिवशी कळत नाही. वीस तास खेळल्यावर नोंद टिकली नाही की कळते.

सर्वांत रास्त आक्षेप शेवटी घेतो: खिशात मोबाइल असताना हे सगळं कशाला? उत्तर असं की सुरुवात मोबाइलवरूनच करावी. एम्युलेटर मोफत आहे, ब्लूटूथची साधी कंट्रोलर दीड-दोन हजारांत मिळते, आणि आपल्याला खेळायचं आहे की फक्त आठवायचं आहे, हे महिनाभरात कळतं. काचेवरच्या चित्रातल्या बटणांवर मात्र निवाडा करू नका. मारियोची धावत मारायची उडी अंगठ्याला कड लागल्याशिवाय जमत नाही. तो अनुभव घेऊन ‘आता पूर्वीसारखी मजा नाही’ म्हणणारे खेळाला उगाच दोष देतात. महिनाभरानंतरही हात शिवशिवत असतील तर यंत्र घ्या. वेगळ्या यंत्राचा खरा फायदा असा की मध्येच फोन वाजत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तरी खेळ थांबत नाही. तोटाही सांगायला हवा: कॉन्ट्रा दोघांनी खेळायचा खेळ आहे आणि हातातलं यंत्र एकट्याचं. ज्यांना भावाशेजारी बसून खेळायचं आहे त्यांनी एचडीएमआयची खाच आणि बाहेरची कंट्रोलर जोडायची सोय आहे का ते आधी तपासावं. पॉकेटला यासाठी वेगळा डॉक घ्यावा लागतो.

घ्यायचं ठरलं तर हिशेब दारापर्यंतच्या किमतीचा करा. परदेशातून मागवलेल्या यंत्रावर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा आकार लागतो; भेट म्हणून पाठवलं तरी सूट मिळेल अशा भरवशावर राहू नका, ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये काढली आहे. वॉरंटी बहुधा कागदावरचीच, कारण यंत्र परत चीनला किंवा अमेरिकेला पाठवायचा खर्च कोणी करत नाही. स्वस्त यंत्रासोबत आलेलं बिननावाचं मेमरी कार्ड पहिल्याच दिवशी बदलून चांगल्या कंपनीचं घाला. आधी बिघडतं ते तेच. या वर्गातली अनेक यंत्रं मोबाइलच्या फास्ट चार्जरने किंवा दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने नीट चार्ज होत नाहीत, आणि माणूस यंत्र बिघडलं समजून दुकान गाठतो. त्यांना पाच व्होल्टचा जुना साधा चार्जर आणि एका टोकाला चपटी यूएसबी असलेली केबल वापरा. आतली बॅटरी लिथियमची आहे, तेव्हा एप्रिल-मेमध्ये यंत्र गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, आणि क्रोमॅटिक असेल तर पेन्सिल सेल काढून ठेवा.